एम.कॉम., सी.ए. आणि पिळ्ळैयाराचा तिसरा कौल

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय कोपऱ्यावरचा पिळ्ळैयार घेत असे. माझ्या शिक्षणाचा निर्णय तेवढा त्याच्याही आवाक्याबाहेर गेला.

पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपतीच. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहून तमिळ झालेला, आमच्यासारखाच. आमच्या रस्त्याच्या टोकाला पिंपळाखाली त्याचं बसकं देऊळ होतं आणि घरात काही अडलं की त्याच्याकडे फुलं लावायची रीत होती. एक पांढरं फूल, एक तांबडं. दोन्ही केळीच्या पानात गुंडाळायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधायची आणि दोन्ही पुड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या पाहिजेत. आरती झाली की गुरुक्कळ, म्हणजे तिथले पुजारी, डोळे मिटून त्यातली एक उचलणार. जे फूल निघेल ते उत्तर. दुसरी पुडी उघडायची नाही, तशीच कालव्यात सोडायची. आणि एकदा विचारलेला प्रश्न वर्षभर पुन्हा विचारायचा नाही, कारण देव म्हणजे सरकारी कचेरी नव्हे, असं माझी आत्या म्हणे.

भाड्याचं घर कुठलं घ्यायचं, अण्णांनी बदली घ्यायची की नाही, अस्कं त्यानंच ठरवलं. (अस्कं म्हणजे सगळं. आमची मराठी जुनी आहे, सांभाळून घ्या.) टीव्ही घेताना पांढरं फूल निघालं तर साधा आणि तांबडं निघालं तर रंगीत, असं ठरलं होतं. पांढरं निघालं. साऱ्या रस्त्यानं हिरव्या मैदानावर क्रिकेट पाहिलं, आम्ही राखाडी मैदानावर पाहिलं, आणि कोणी कुरकुर केली की आत्या नुसती चष्म्यावरून बघायची.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त होऊन आमच्याकडे आली, पण निवृत्त फक्त शाळेतून झाली. त्याआधी ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि अण्णा तिच्याच हाताखाली तिसरी पास झालेले. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क झाले, डोक्याचे केस गेले, तरी आत्यानं हाक मारली की त्यांचा हात आधी खिशातला रुमाल आहे की नाही ते चाचपायचा.

अशा घरात मी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झाले आणि जाहीर केलं की मी सी.ए. होणार.

ते दिवसच तसे होते. देश उघडला होता म्हणे. पेपरात रोज नवी कंपनी, नवी बँक, आणि जाहिरातीत शेवटी एकच ओळ, चार्टर्ड अकाउंटंट पाहिजेत. पण खरं कारण निराळं होतं, आणि त्याला अण्णाच जबाबदार होते. त्यांच्या कचेरीत एकदा तपासणीला एक बाई ऑडिटर आल्या होत्या. (आमच्याकडे सी.ए.ला ऑडिटरच म्हणतात.) त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका आकड्यावर नुसतं बोट ठेवलं, आणि अण्णांच्या साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. ही गोष्ट अण्णांनी जेवताना हसत हसत सांगितली आणि विसरले. मी विसरले नाही. मला तसं बोट हवं होतं.

अण्णांचं मत एम.कॉम. कॉलेज सायकलच्या अंतरावर. पुढे तिथेच लेक्चररची नोकरी, पोंगलची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, दुपारी घरी जेवण. उलट सी.ए. म्हटलं की तिरुच्चीला कोणा ऑडिटरच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी, रोज बसचे हेलपाटे, आणि परीक्षा अशी की पास होणाऱ्याचा फोटो पेपरात छापून येतो. 'ज्या परीक्षेत पास होणं ही बातमी असते, ती परीक्षा शहाण्या माणसानं देऊ नये,' असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायची, एम.कॉम. म्हणजे बी.कॉम.चीच पुस्तकं जाड पुठ्ठ्यात. हा वाद सकाळी कॉफीबरोबर सुरू व्हायचा आणि रात्री ताकभाताबरोबर संपायचा. अम्माला विचारलं तर ती म्हणे, 'तुझ्या अण्णांचं बेष आहे, पण तुझंही बेषच आहे.' बेष म्हणजे छान. त्या घरात इतकी वर्षं टिकायची तिची हीच युक्ती होती.

शेवटी आत्यानं वाटीतला ताकभात संपवून निकाल दिला. 'पिळ्ळैयाराला विचारूया. पांढरं म्हणजे एम.कॉम., तांबडं म्हणजे सी.ए. जे निघेल ते दोघांनी मुकाट मानायचं.'

मी छाती पुढे काढून हो म्हटलं. शिवाय आत्याच्या देखत देवाची शपथ घेतली, कारण मला शहाणपणापेक्षा आवेश जास्त होता. त्या आठवड्यात पिळ्ळैयाराची चंगळ झाली. मी तांबड्या फुलासाठी नारळ बोलले. अण्णांनी पांढऱ्यासाठी मोदक बोलल्याचं मला गुरुक्कळांकडून कळलं. मग मी नारळ वाढवले. सी.ए. होण्याआधीच मी देवाशी बोली लावत होते.

शुक्रवार ठरला. आदल्या संध्याकाळी अम्मानं परसातली तगर आणि तांबडी कण्हेर तोडून दोन पुड्या बांधल्या आणि तबकात घालून देवघरात ठेवल्या. सकाळी सगळे न्हाऊन निघालो. पुढे तबक घेतलेली आत्या, मागे अण्णा, मग अम्मा, शेवटी मी. अण्णा चालताना सारखे शर्टाच्या खिशावर हात ठेवत होते. मला वाटलं, त्यांनाही माझ्यासारखंच छातीत धडधडतंय.

आरती झाली. गुरुक्कळांनी डोळे मिटले, पुडी उचलली, दोरा सोडला, पान उलगडलं आणि डोळे उघडून पुडीकडे बघतच राहिले.

आत फूल नव्हतं. विड्याची दोन पानं होती आणि मूठभर सीवल.

सीवल म्हणजे सुपारीचे कागदासारखे पातळ काप. तंजावूरचा माणूस जेवल्याशिवाय एक वेळ राहील, पान-सीवल नसेल तर त्याला दिवस सरत नाही. पण देवाच्या पुढ्यात पान-सुपारी निघाली, तर तिचा अर्थ एकच. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरं तांबूलाची तबकं बदलतात. गुरुक्कळांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा देवाकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं की स्वामींच्या मनात एम.कॉम. नाही आणि सी.ए. नाही, मुलीचं लग्न आहे.

मी ओरडले की पुडी बांधताना घोळ झाला असेल, अम्माला विचारा. तोच माझा मूर्खपणा. अम्मा बिचारी खरं बोलणारी. तिनं देवासमोर हात जोडून सांगितलं की मी स्वतःच्या हातानं फुलंच बांधली होती, दुसरं काही नव्हतं. झालं! इतका वेळ जो नुसता कौल होता तो अम्माच्या साक्षीनं चमत्कार झाला. फुलाचं तांबूल झालं होतं. गुरुक्कळांनी कापूर लावला. दुसरी पुडी रीतीप्रमाणे कालव्यात गेली. तिच्यात काय होतं ते बघा असं मी म्हणत होते, पण आत्या म्हणाली की देवाची झडती घ्यायची नसते. पिळ्ळैयार घडवायला गेलो आणि माकड झालं, अशी म्हण तमिळमध्येही आहे आणि गणपती-मारुतीची आपल्यातही आहे. मला त्या दिवशी दोन्ही भाषांत लागू पडली.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बाया मला बघायला येऊन गेल्या, जणू मीही रात्रीत काहीतरी बदलून आले होते. उपवर मुलींच्या आया त्या सीवलातला एकेक काप प्रसाद म्हणून मागू लागल्या. शनिवारी पिळ्ळैयारापुढे रांग लागली. आणि आत्या? ती शुक्रवारीच दुपारच्या बसनं ओरत्तनाडूला जाऊन स्थळ घेऊन आली. नारळाची बाग, तांदळाची गिरणी, एकुलता मुलगा, आणि आई आत्याची जुनी विद्यार्थिनी. रविवारी बघायला येणार. मुलीनं शिकलेलं असावं पण त्याचा उपयोग करू नये, एवढीच त्यांची अपेक्षा.

मी अण्णांकडे धावले. म्हटलं, निदान एम.कॉम. तरी म्हणा, मी एम.कॉम. करते. (माझा सी.ए.चा निर्धार असा एका दिवसात एम.कॉम.पर्यंत खाली आला होता, हे नोंदवून ठेवते.) अण्णांनी पेपर तोंडापुढे धरला. अळीमिळी गुपचिळी. बरं, त्याहून नवल म्हणजे जेवण झाल्यावर अम्मानं पानाचा डबा पुढे केला तर त्यांनी तो सरकवला. सीवल सोडलं म्हणाले. अण्णांनी सीवल सोडणं म्हणजे कावेरीनं पाणी सोडून देण्यापैकी होतं. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी हललं.

शनिवारी सकाळी मी परसात कपडे धुवायला बसले. धुण्याआधी खिसे बघायची मला सवय. अण्णांच्या शुक्रवारच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून निघाला केळीच्या सोपटाचा दोरा, चुरगळलेलं पान, आणि त्यात चेपलेलं एक तांबडं कण्हेरीचं फूल.

माझं सी.ए. माझ्या हातात होतं. अण्णांच्या खिशात जाऊन आलेलं.

अण्णा विहिरीपाशी दात घासत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तळहात उघडला आणि फुलावर बोट ठेवलं. एक शब्द बोलले नाही. अण्णांनी तोंडातलं पाणी थुंकलं, इकडे तिकडे आत्या आहे का बघितलं आणि मटकन पायरीवर बसले.

मग सगळं बाहेर आलं. शुक्रवारी पहाटे ते देवघरात गेले होते, हातात आदल्या रात्री दुकानातनं तशाच केळीच्या पानात बांधून आणलेली पान-सीवलाची पुडी. तांबड्या फुलाच्या जागीही पांढरंच घालायचं, म्हणजे देवाला चूक करायला जागाच नको, असा त्यांचा बेत. एक पुडी उघडली, नेमकी तांबड्याची निघाली. तेवढ्यात आत्याची पावलं वाजली. एका हातात उघडी पुडी, दुसऱ्या हातात सीवल, आणि दारात अक्का येणार! घाबरून त्यांनी एक पुडी खिशात कोंबली आणि एक तबकात ठेवली. कुठली कुठे गेली ते त्यांना देवळात कळलं. आयुष्यात कधी कचेरीतली टाचणी घरी न आणलेला माणूस, पहिल्यांदा लबाडी करायला गेला आणि तीही त्याला धड जमली नाही.

'पण का, अण्णा? मी नापास होईन असं वाटतं तुम्हाला?'

'छे गं. तू पास होशील याचीच भीती.' ते जमिनीकडे बघत होते. 'तिरुच्ची, मग चेन्नै, मग मुंबई. ऑडिटर कुठे आपल्या गावात राहतात? एम.कॉम. केलं असतंस तर संध्याकाळी घरी आली असतीस. अम्मा दमून लवकर निजते, अक्काशी मी काय बोलणार? कचेरीतनं आल्यावर मी बोलतो ते तुझ्याशीच की.'

मला इतका राग आला होता की आता रडू येईल असं वाटलंच नव्हतं. पण आलं. भांडायला जमवून ठेवलेले सगळे मुद्दे कुठल्या कुठे गेले. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, 'अण्णा, तिरुच्चीची बस संध्याकाळी परत पण येते.'

'येते होय,' ते म्हणाले. त्यांनी याचा विचारच केला नव्हता.

'आणि लग्न करून ओरत्तनाडूला गेले तर रोज संध्याकाळी कशी येणार?'

याचाही केला नव्हता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी सांगितलं की उद्या ती माणसं यायच्या आत आत्याला खरं सांगा, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले सांगतो, दुपारी सांगतो. दुपारी म्हणाले संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी त्यांना अचानक कचेरीतलं काम आठवलं. त्या घरात आत्याला खरं सांगण्यापेक्षा मुलीचं लग्न लावून देणं सोपं होतं.

रविवारी ती माणसं आली. मुलगा, मुलाची आई. सोज्जी-बज्जीचा, म्हणजे गोड शिरा नि भजी यांचा बेत. मला जरीचं पातळ नेसवून, डोक्यात फुलांचा भारा माळून कॉफी द्यायला पाठवलं. मुलगा बरा होता बिचारा, सगळा वेळ बज्जीकडेच बघत होता. त्याची आई मात्र माझ्याकडे देवाघरून आलेल्या पार्सलाकडे बघावं तसं बघत होती. तिनं सांगितलं की पत्रिका बघायची गरजच नाही, देवानंच तांबूल दिलंय तर आपण थांबवणारे कोण, तबकं आजच बदलून टाकू. आत्यानं मान हलवली. अम्मानं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि या वेळी बेष म्हणाली नाही.

तबक आत तयारच होतं. तेही मीच आणायचं. मी ते आणलं आणि आत्याच्या हातात न देता सरळ अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. मुलीच्या बापानं उचलल्याशिवाय ते हलत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हटले नाही. मनात ठरवलं होतं, त्यांनी हात लावला तर ते तबक मी स्वतः कालव्यात टाकून येईन, जरीच्या पातळासकट.

अण्णांनी तबकातल्या सीवलाकडे पाहिलं. मग ते ताडकन उभे राहिले, तिसरीत राहायचे तसे, हात बाजूला सरळ ठेवून.

'अक्का, ते सीवल देवाचं नव्हतं. माझं होतं.'

आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पुडी, पहाट, खिसा, कण्हेर. मुलाच्या आईनं अर्धी खाल्लेली बज्जी ताटात ठेवली. म्हणाली, जे लोक देवाच्या पुढ्यात अदलाबदल करतात ते हुंड्याच्या भांड्यात काय करतील. आणि मुलाला उठवून घेऊन गेली. जाताना त्यानं आणखी एक बज्जी उचलली, याबद्दल मला त्याचा आजही आदर आहे.

आत्यानं दार लावून घेतलं. मग अण्णांना म्हणाली, 'माधू, उभा राहा.'

'उभाच आहे, अक्का.'

'मग तसाच राहा.' ती माझ्याकडे वळली. प्रथमच तिचा आवाज खाली आला होता. 'आता वर्षभर विचारायचं नाही. मग हे ठरवायचं कोणी?'

त्या घरात एवढ्या माणसांनी मिळून आजवर एक टीव्हीसुद्धा ठरवला नव्हता. माझ्या डोक्यावरचा फुलांचा भारा एका बाजूला कलला होता.

'मी,' मी म्हटलं. 'मी सी.ए. होणार.'

'कशावरून?'

'मला व्हायचंय म्हणून.'

हे असलं कारण आमच्या घराण्यात कोणी कधी दिलं नव्हतं. आत्यानं ते तोंडात घोळवून पाहिलं. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि सांगितलं की सोमवारी सकाळची बस गाठायची, आणि माधूनं मला स्टँडवर पोचवायला जायचं, उभ्यानं. चमत्काराचं खरं काय ते रस्त्यावर सांगायचं का, असं अम्मानं विचारलं. आत्या म्हणाली नको, त्या प्रसादानं दोघींची लग्नं ठरली आहेत, मोडायची कशाला.

तर मी अशी सगळ्यांना पुरून उरले आणि तिरुच्चीला रुजू झाले. रोज संध्याकाळच्या बसनं परत आले, आणि रोज अण्णा स्टँडवर उभे असत. स्वतःच्या हिमतीवर, देवाला बाजूला ठेवून, सगळ्या रस्त्याच्या नाकावर टिच्चून मी इंटरमीडिएटच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. तेही अकाउंट्सच्याच पेपरात. अण्णांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त पुढच्या रविवारी कॉफी पिता पिता म्हणाले की पत्रद्वारा एम.कॉम.ला अजून प्रवेश देतायत म्हणे, सहज कानावर आलं. मी पुन्हा बसले, पुन्हा आपटले. जिद्द सोडली नाही, आणि जिद्द न सोडता रिकामं बसवेना म्हणून एम.कॉम. करून टाकलं. पहिल्या वर्गात! सी.ए.ही झाले हो, अगदी रीतसर झाले. कितव्या खेपेला, ते मात्र विचारू नका. हिशेबात मी जरा कच्चीच आहे.